गॅस संपत नसतो, गळतो

मार्च सरत आला की माझ्या फोनवर एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत येऊ लागतं. "जय गुरू भाऊ, एसीतला गॅस संपला, भरून देता काय?" कधी मोझरीतून, कधी तिवस्यातून, कधी पार नांदगाव पेठेहून. घरचा एसी असतो, दवाखान्याचा असतो, ट्रॅव्हल्सच्या बसचा असतो. मी दरवेळी तेच सांगतो : गॅस संपत नसतो, तो गळतो, आधी गळती शोधू, मग भरू. काही जण "बरं" म्हणतात. बाकीचे दुसऱ्या कोणाला तरी बोलावतात, कारण दुसरा अर्ध्या तासात भरून मोकळा होतो आणि गळती शोधायला माझा अख्खा दिवस जातो.

यात गिऱ्हाइकाचा दोष मी धरत नाही. यंत्राच्या पोटात काय चालतं हे आम्ही मेकॅनिकांनी त्याला कधी सांगितलंच नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्या दाबाने तो तापतो. बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता हवेला देऊन द्रव होतो. मग केसासारख्या बारीक कॅपिलरीतून जाताना त्याचा दाब पडतो, आतल्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता उचलून पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. सगळी फेरी बंद नळीतली. कारखान्यात जितके ग्रॅम भरले तितके वीस वर्षांनीही आत असायला हवेत. कमी झाले, तर नळीला कुठेतरी वाट सापडली एवढाच त्याचा अर्थ.

चाकांवरच्या घरात ही वाट फार लवकर सापडते. भिंतीतला एसी आयुष्यभर एका जागी बसून असतो, गाडीतला रोज हादरे खातो. आपल्याकडे अशी गाडी अजून कमी दिसते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण वऱ्हाडात माझ्याकडे आलेल्या घरगाड्या बहुतेक जुन्याच होत्या : सिनेमावाल्यांनी विकलेल्या व्हॅनिटी व्हॅन, आतून बदललेल्या मिनिबस, निवडणुकीचा प्रचाररथ म्हणून फिरून शेवटी कुटुंबाच्या वाट्याला आलेली एखादी गाडी.

माझं दुकान अमरावती-नागपूर हायवेवर, गुरुकुंज मोझरीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला, तेव्हापासून हे गाव येणाऱ्या-जाणाऱ्यांचं आहे. पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावच्या भजन मंडळांच्या गाड्या येतात. त्यातल्या कितीतरी वयाने माझ्याएवढ्या. अश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे मौन श्रद्धांजलीला उभे राहतात, तेव्हा हातातला पाना खाली ठेवून मीही उभा राहतो. या गावात हाताने काम करणाऱ्याला कमी लेखत नाहीत. माझ्यासारख्याला इथे दुकान टाकावंसं वाटलं, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

कामाला सुरुवात कुलरपासून झाली. वऱ्हाडातल्या कुठल्याही पोराची तीच होते. ताट्या बदलायच्या, टिल्लू पंप साफ करायचा, पंख्याच्या मोटरचं बुश बदलायचं, टाकीतला क्षाराचा थर खरवडायचा. नंतर अमरावतीला आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि मुंबईला गेलो. गोरेगावला एका गॅरेजमध्ये व्हॅनिटी व्हॅनचे एसी दुरुस्त करत काही वर्षं काढली. शूटिंग थांबलं की पैसे थांबतात, म्हणून तिथे सगळ्यांना घाई. त्या घाईत माझे उस्ताद मात्र शांत असायचे. गेज लावण्याआधी ते नळ्यांना हात लावत. ही नळी किती गरम, ती किती गार, कुठे घाम आलाय, कुठे बर्फ धरलाय, कुठे तेलाचा डाग आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओशट डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. "काळा डाग दिसला की तिथे थांब," असं ते सांगत. आजही मी गाडीखाली शिरलो की बॅटरीच्या उजेडात आधी तो डाग शोधतो.

नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हातली गोष्ट. दुपारी हायवेचं डांबर मऊ पडलेलं असताना एक लांबलचक पांढरी गाडी दुकानासमोर लिंबाखाली येऊन थांबली. जुनी व्हॅनिटी व्हॅन, नंबर मुंबईचा. चालवणारे काका अकोल्याचे, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बरोबर काकू. दोघांना आश्रमात काही दिवस राहून पुढे रामटेक, तिथून पचमढीला जायचं होतं. काकूंचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलेलं.

"दोनदा गॅस भरला भाऊ," काका म्हणाले. "दोन-चार दिवस बरं थंडं करते, मंग पुन्हा तसंच. हिले रातच्या दोन-दोन वाजेलोक झोप नाही लागत. दोन्ही एसी काढून नवे टाकू म्हणतो मी. तुम्ही सांगा."

काकू गाडीच्या पायरीवर बसून ओल्या पंच्याने मान पुसत होत्या. "पंखा लावला तं तोही आगच फेकते बापा," एवढंच त्या बोलल्या. मी त्यांना आधी दुकानातल्या कुलरपुढे बसवलं, मग गाडीत शिरलो.

गाडीत दोन एसी. मागच्या खोलीत दीड टनाचा विंडो, पुढच्या खोलीत जुना एक टनाचा स्प्लिट, त्याचं बाहेरचं युनिट गाडीच्या पोटाखाली बांधलेलं. दोन्ही आर-२२ गॅसवर चालणारे. मी मागचा सुरू केला आणि क्लॅम्प मीटर लावला. पाटीवर ८ अँपिअर लिहिलेलं, मीटर १० च्या वर. थोड्या वेळाने कॉम्प्रेसर खट्कन बंद पडला, पंखा तेवढा फिरत राहिला. थोडा निवला की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. गॅस कमी असता तर अँपिअर कमी दिसले असते. इथे जास्त दिसत होते, म्हणजे यंत्र कशाने तरी गुदमरत होतं.

कारण एसीच्या बाहेर निघालं. विंडो एसी कंडेन्सरसाठी हवा आपल्या दोन्ही बाजूंच्या जाळीतून घेतो आणि तापलेली हवा मागे फेकतो. गाडीचं फर्निचर करणाऱ्याने एसी सुंदर दिसावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट प्लायवूड ठोकलं होतं, मागे फक्त हातभर जाळी. बाहेर फेकलेली गरम हवा कोंडून परत बाजूच्या जाळीत शिरत होती. लिंबाच्या सावलीत थर्मामीटर ४४ दाखवत होता, त्या प्लायच्या कप्प्यात ५७.

या आकड्यांचा अर्थ काकांना सांगितला, कारण तो वऱ्हाडातल्या प्रत्येक एसीवाल्याला ठाऊक असायला हवा. आपल्या देशात एसीची क्षमता मोजतात ती बाहेरचं तापमान ३५ अंश धरून. अकोला-अमरावतीत मे महिन्यात ४४-४५ ही रोजची दुपार असते, म्हणजे पाटीवरचा दीड टन आपल्याकडे पूर्ण दीड टन कधीच मिळत नाही. बाहेर ४४ असताना आर-२२ ला द्रव व्हायला कंडेन्सरमध्ये साधारण ६० अंशांची आणि ३४० पीएसआयच्या आसपास दाबाची परिस्थिती लागते. तेवढं यंत्र सोसतं. कंडेन्सरला मिळणारी हवाच ५७ ची असली की तोच दाब ४५० च्या दिशेने जातो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याचा ओव्हरलोड त्याला वाचवण्यासाठी वीज तोडतो. वीज तुटली की खोलीत गरम हवा. मालकाला वाटतं गॅस संपला. मेकॅनिक येऊन आणखी गॅस भरतो, त्याने दाब आणखी वाढतो. या गाडीत नेमकं तेच झालं होतं.

एसी बाहेर काढला. आतला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घेतला आणि तोलला. पाटीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त निघाला. काका म्हणाले, "म्हणजे गळतच नव्हतं?" गळत होतं. ताजा भरलेला होता म्हणून जास्त होता, महिनाभराने कमी झाला असता. हे सिद्ध करायला कोरडा नायट्रोजन २५० पीएसआयपर्यंत भरला आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. गेज लावून रात्रभर ठेवलं.

पहाटे काटा २२५ वर होता. इथे घाई करणारा माणूस दोन्हीकडून फसतो. दुपारच्या ४४ अंशांत भरलेला नायट्रोजन पहाटेच्या ३० अंशांत आपोआप आकसतो, त्यामुळे १०-१२ पीएसआय गळतीशिवायही उतरतात. तेवढेच उतरले असते तर यंत्र निर्दोष. इथे त्याच्या दुप्पट उतरले होते. मग मी नळ्यांवरची काळी रबरी वेष्टणं एकेक करून कापली. कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम नळी जिथे वळते तिथे वेष्टणाखाली ओशट काळा डाग होता, आणि डागाखाली केसाएवढी चीर.

तांब्याचा हा स्वभाव घरगाडीच्या मालकाने समजून घ्यावा. तांबं मऊ असतं म्हणून नळी वळवता येते, पण तेच तांबं एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा हललं की कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. घरच्या विंडो एसीत कॉम्प्रेसर रबराच्या तीन-चार पायांवर नुसता ठेवलेला असतो, घरात त्याला तेवढं पुरतं. गाडीत प्रत्येक गतिरोधकावर तो उडतो आणि त्याची नळी त्याच्याबरोबर वाकते. म्हणून चीर नुसती झाळून भागत नाही. मी तो कडक झालेला तुकडाच कापून काढला, नव्या नळीला एक मोठा वळसा दिला म्हणजे हादरा त्या वळशात विरून जाईल, आणि जोड देताना नळीतून नायट्रोजनची हलकी धार चालू ठेवली. ती ठेवली नाही तर ज्योतीच्या उष्णतेने आतून काळी खपली धरते आणि पुढे तीच कॅपिलरीत जाऊन अडकते. कॉम्प्रेसरचे रबर बदलले, तो फार उडू नये म्हणून पट्टी लावली, ओलावा शोषणारा ड्रायर नवा टाकला.

मग व्हॅक्यूम. हे काम बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं : पंप घुर्रर करत असतो आणि मेकॅनिक चहा पीत बसलेला दिसतो. पण नळीतली हवा आणि ओलावा काढला नाही तर पाण्याचा एखादा कण कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ होऊन बसतो आणि गॅसची वाट अडवतो. मायक्रॉन गेजवर काटा ५०० च्या खाली येऊन तिथेच टिकेपर्यंत मी पंप बंद करत नाही. त्यानंतर गॅस तोलून, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच.

काका सगळा वेळ स्टूल घेऊन शेजारी बसलेले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर इंजिनं उघडली होती, त्यामुळे त्यांना काही दोनदा सांगावं लागलं नाही. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी खिडक्या त्यांनी स्वतःच्या हाताने कापल्या. मागच्या जाळीला मी पत्र्याचं नळकांडं बसवलं, म्हणजे गरम हवा थेट बाहेर जाईल. कंडेन्सरच्या पातळ पात्यांत कापसाचा तंतू नमद्यासारखा जमला होता. जिनिंगच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर तो उडतच असतो. तो पाण्याच्या साध्या नळीने, आतून बाहेरच्या दिशेने धुवायचा असतो. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाती चपटी होतात आणि हवा कायमची अडते.

एसी परत बसवून काकांच्याच वायरने दुकानाच्या बोर्डाला जोडला. कॉम्प्रेसर गुणगुणला आणि सुरूच झाला नाही. काकांचा चेहरा उतरला. मी वायर हातात घेतली : दीड चौरस मिलिमीटरची, सुमारे ३० मीटर लांब, अर्धी गुंडाळलेली. चालू असताना हा एसी आठ-नऊ अँपिअर घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी ४० च्या घरात मागतो. तेवढा प्रवाह त्या बारीक वायरीतून जाताना ३० व्होल्ट वायरच खाते. उन्हाळ्याच्या दुपारी खेड्यात आधीच २०० च्या आसपास व्होल्टेज. त्यातून ३० गेले तर कॉम्प्रेसर फिरणार कसा? चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जोडली आणि तो पहिल्याच खटक्याला सुरू झाला. कितीतरी घरगाड्यांचे कॉम्प्रेसर "जळाले" म्हणून बदलले जातात आणि खरा रोग वायरीत असतो. ढाब्यावर, लॉनवर, नातेवाइकाच्या अंगणात, जिथे गाडी लावाल तिथे आपली जाड वायर आपल्यासोबत असावी आणि ती पूर्ण उलगडून वापरावी.

पुढच्या खोलीतल्या स्प्लिटचा निर्णय मात्र वेगळा झाला. पोटाखालच्या युनिटने वर्षानुवर्षं चिखल, खडी आणि पाणी खाल्लं होतं. कंडेन्सरची पाती हात लावताच भुगा होत होती. नायट्रोजन भरल्यावर आतल्या कॉइलला फेस लावला, तर एका ठिकाणी नाही, जागोजागी बुडबुडे. एक छिद्र बुजवता येतं; सगळी कॉइलच गंजली असेल तर आज बुजवलेल्याच्या शेजारी उद्या दुसरं पडतं. अशा यंत्रावर गिऱ्हाइकाचे पैसे लावायला मन धजत नाही. शिवाय गॅस आर-२२. ओझोनच्या थराला इजा करणारा म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आला आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांत त्याचा वापर थांबला. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो, पण पुढे दुर्मीळ आणि महाग होत जाणार. चांगल्या जुन्या यंत्रासाठी तो जपून वापरावा, गंजक्या यंत्रात ओतू नये.

नवा घेतला एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, आर-३२ वर चालणारा. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेत सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीचा तो ४० अँपिअरचा झटका नसतो आणि छोट्या जनरेटरवरही तो निभतो. घेताना बाहेरच्या तापमानाची कमाल मर्यादा पाहून घेतली. ५२ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं यंत्रच मी वऱ्हाडात सुचवतो. बाहेरचं युनिट पोटाखाली परत ठेवलं नाही. गाडीच्या मागे जाड रबरावर फ्रेम करून बांधलं, नळ्यांना वळसे दिले. आर-३२ थोडा ज्वलनशील असतो आणि घरगाडीत एका हाताच्या अंतरावर शेगडी असते, म्हणून नळ्यांचे जोड खोलीच्या आत न ठेवता पत्र्याच्या बाहेर घेतले. या निमित्ताने एक गोष्ट ठामपणे सांगतो : आर-२२ मिळत नाही म्हणून त्या यंत्रात स्वयंपाकाचा गॅस किंवा तसलाच ज्वलनशील गॅस भरून देणारे काही जण आहेत. थंड होतं, हे खरं. पण त्या यंत्राच्या वायरी, रिले, जोड या गॅससाठी बनवलेले नसतात. बंद गाडीत माणसं झोपलेली असताना हा खेळ कोणीही करू नये.

दोन्ही एसी चालू झाले तरी माझं समाधान नव्हतं, कारण दुपारी छताला आतून हात लावला तर चटका बसत होता. सीलिंगचा एक तुकडा उघडला. थर्माकोलचे तुटके तुकडे आणि मधे उघडा पत्रा. १ टन एसी म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणारं यंत्र. माझ्या अंदाजाने या गाडीचं तापलेलं छप्पर एकटंच अर्ध्या टनाची उष्णता आत सोडत होतं. काकांनी आश्रमातला मुक्काम वाढवला, आणि आम्ही सीलिंग उतरवून पत्र्याला आतून नायट्राईल फोमची जाड शीट चिकटवली, वरून पांढरा परावर्तक रंग दिला. पश्चिमेकडच्या काचेला बाहेरून लावायला कापडी पडदा काकूंनी शिवला. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरचा येण्याआधीच. त्यानंतर दुपारी तीन वाजता, बाहेर ४४ असताना, मागच्या खोलीत २७ अंश आले, तेही एसी अधूनमधून विसावा घेत असताना.

काकांचा पुढचा प्रश्न सोलरचा होता. हा प्रश्न आता सगळेच विचारतात, आणि मी कागदावर हिशोब मांडून दाखवतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत १.८ युनिट वीज बसते. तिचं आयुष्य राखायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९ युनिट. एक टनाचा एसी भर उन्हात तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. एका बॅटरीवर तासभरही नाही. छतावर ३३० वॅटचे दोन पॅनल बसले तरी ते पंखे, दिवे आणि फ्रिजपुरते. एसीसाठी जनरेटर किंवा बाहेरची वीज, नाहीतर लिथियम बॅटरीचा मोठा खर्च, याला आज तरी पर्याय नाही. मात्र पॅनल छतापासून चार बोटं वर बसवले तर त्यांची सावली छताला मिळते, आणि तो फायदा विजेहून कमी नाही.

आणि मग मी काकांना कुलर सुचवला. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. पण आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कुलर जे करतो ते कोकणात कधीच करणार नाही. पाणी उडताना हवेची उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जोरात उडतं. ४४ अंशांची हवा चांगल्या ताटीतून तिशीच्या खाली येऊ शकते, दोनशे वॅटच्या आत. दिवसा गाडी उभी असताना खिडकीला बाहेरून लावलेला छोटा कुलर, समोरची खिडकी चार बोटं उघडी. रात्री काकूंच्या झोपेसाठी एसी. मृगाचा पाऊस पडला की कुलर काढून ठेवायचा, कारण ओल्या हवेत तो नुसता चिकचिकाट वाढवतो आणि गाडीतलं प्लायवूड फुगवतो. पिढ्यान्‌पिढ्या वाळ्याच्या ताटीखाली झोपलेल्या माणसांना घरगाडीत हे आठवू नये, याचं मला वाईट वाटतं.

निघताना काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "आता तीन दिसापासून सकाळच्या ध्यानाले वेळेवर उठते मी," त्या म्हणाल्या. रात्री झोप लागत होती, म्हणून. पचमढीहून काकांचा फोन आला तेव्हा ते एसीबद्दल बोललेच नाहीत, घाटातल्या वळणांबद्दल बोलले.

या कामाकडे मी आता फक्त हौशी प्रवाशांची सोय म्हणून पाहत नाही. नव्या बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला २०२५ मध्ये एसी बंधनकारक झाला आहे. माझ्या दुकानासमोरून रात्रंदिवस ट्रक जातात. पन्नास अंशांच्या केबिनमध्ये टॉवेल डोक्याला बांधून चालवणारे ड्रायव्हर मी आयुष्यभर पाहिले, त्यामुळे या नियमाचा मला मनापासून आनंद आहे. पण ते एसी चार-पाच वर्षांनी जुने होतील, हादऱ्यांनी त्यांच्या नळ्या तडकतील, आणि तेव्हा हायवेवर जागोजागी "गॅस भरून मिळेल" अशा पाट्या लागतील. दरवेळी अंदाजाने भरलेला आणि हवेत सुटलेला गॅस वातावरण तापवत राहील. आर-२२ चा एक किलो हवेत गेला तर तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं काम करतो, आणि ज्याला आपण नवा म्हणतो तो आर-३२ सुद्धा पावणेसातशे किलोइतकं. आपला उन्हाळा आधीच पुरेसा कडक आहे.

म्हणून घरगाडी असो, ट्रक असो की घरचा एसी, मेकॅनिक सिलिंडर घेऊन दारात आला की त्याला तीन गोष्टी विचारा : गळती कुठे आहे ते दाखव, जुना गॅस कशात काढून घेणार ते सांग, आणि नवा गॅस काट्यावर तोलून भर. माझ्या धंद्यातल्या भावांनाही हेच सांगणं आहे, की नायट्रोजनचं सिलिंडर आणि वजनकाटा याच हंगामात विकत घ्या. गिऱ्हाइकाने विचारण्याची वाट पाहू नका.